सपाट रेखाटनापासून पायाजाळीपर्यंत : ग्वाल्हेरच्या दोन नमुन्यांच्या आधारे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील खासगी बाजार हे नाव मराठी वाचकाला परके वाटत नाही. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी वसवली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. राज्यकर्त्याच्या घरच्या मालमत्तेला ‘खासगी’ म्हणण्याची रीत मराठी दरबारांत सर्वत्र होती. या बाजारातून निघून एका दुपारीत पाहून होतील असे कारागिरीचे दोन नमुने शहरात आहेत. पहिला किल्ल्यावरील मानमंदिराचा. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या या महालाच्या बाह्य भिंतीवर निळ्या झिलईच्या फरश्या असून त्यांत पिवळ्या बदकांची रांग आहे. दुसरा नमुना हजरत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याचा. सोळाव्या शतकात, अकबराच्या काळात उभारलेल्या या वास्तूभोवती भूमितीय नक्षीच्या दगडी जाळ्या आहेत. त्याच आवारात तानसेनाची कबर असल्याने संगीताच्या निमित्ताने तेथे जाणारे पुष्कळ असतात, जाळ्यांसमोर थांबणारे त्या मानाने कमी.

बदक आणि जाळी हे दोन्ही नमुने विद्यार्थ्याच्या वहीत सारखेच सपाट दिसतात. संगणकावर मूर्तिकाम शिकवताना मात्र दोघांची वाट अगदी वेगळी आहे. ही वाट का वेगळी आहे, हे समजून न घेता शिकवल्यामुळे चांगले चित्र काढणारा विद्यार्थी संगणकासमोर बसल्यावर कच्चा ठरतो, असा अनुभव मल्टिमीडियाचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अनेक अध्यापकांना येतो.

पायाजाळी म्हणजे काय

संगणकावरील मूर्तिकामात विद्यार्थी मातीऐवजी एका जाळीवर काम करतो. ही जाळी बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेले चौकोन यांची बनलेली असते. ब्रश फिरवला की बिंदू वर-खाली सरकतात, आणि बिंदू पुरेसे असतील तर डोळ्याला पृष्ठभाग उंचावल्याचा किंवा खचल्याचा भास होतो. झेडब्रश, ब्लेंडर, मडबॉक्स या सर्व प्रणालींत मूळ कल्पना हीच आहे. यांपैकी ब्लेंडर २००२ पासून मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि २००७ पासून त्यात मूर्तिकामाची सोय आहे. त्यामुळे मर्यादित निधी असलेल्या कम्युनिटी कॉलेजला तोच सोयीचा.

बारीक काम सुरू करण्यापूर्वी जी मोजक्या बिंदूंची ढोबळ आकृती तयार करतात तिला बेस मेश म्हणतात. येथे तिला पायाजाळी म्हटले आहे. मातीचा पुतळा करणारा शिल्पकार आधी लोखंडी सळ्यांचा आणि तारेचा सांगाडा उभा करतो. सांगाड्यात हात चुकीच्या जागी वळला असेल, तर वर कितीही सुबक माती लावली तरी तो हात सुधारत नाही. पायाजाळीचे काम त्या सांगाड्याचे आहे. पापणी, पिसे, दागिने यांच्याशी तिला कर्तव्य नाही. प्रमाण, दिशा आणि जाडी एवढ्या तीनच गोष्टी तिच्यात बरोबर हव्यात.

यांतील प्रमाण आणि दिशा कागदावरून मिळतात. जाडी मिळत नाही. सगळी अडचण येथे आहे.

कागद काय सांगतो

मकबऱ्याच्या जाळीचे रेखाटन घेतले, तर कागद जवळजवळ सर्व काही सांगतो. जाळी हा मुळात सपाट दगड असून नक्षी त्यातून आरपार कापलेली आहे. लांबी आणि रुंदी रेखाटनात आहे, आणि राहिलेली जाडी हे एकच माप आहे. ते प्रत्यक्ष पाहून नोंदवले की प्रश्न संपला.

बदकाचे तसे नाही. भिंतीवरील बदक बाजूने पाहिलेले आहे. त्याची चोच किती लांब, मान कोठे वळते, पोट किती खाली येते हे दिसते. छाती किती रुंद, दोन पायांत अंतर किती, डोळे चेहऱ्याच्या कडेला किती मागे, याबद्दल फरशी काहीच सांगत नाही. कारागिराला त्याची गरजही नव्हती. विद्यार्थी मात्र ही बाह्यरेषा घेतो, तिला सर्वत्र सारखी जाडी देतो आणि बिस्किटाच्या साच्यातून काढल्यासारखे बदक तयार करतो. मग ब्रशने त्याच्या कडा गोल करत बसतो. दोन तासांनंतर फुगवलेले बिस्कीट तयार होते, बदक होत नाही.

खरे बदक पाहिले तर काय आढळते? मान जवळजवळ गोल नळीसारखी आहे, म्हणून तिची रुंदी बाजूच्या चित्रातील जाडीइतकी धरता येते. धड पाण्यावर तरंगणारे आहे, ते खालून चपटे आणि आडवे रुंद आहे. चोच बाजूने पातळ दिसते, पण वरून पाहिली तर उलथन्यासारखी पसरट आहे. म्हणजे एकाच पक्ष्याच्या तीन भागांत तिसऱ्या मापाचा नियम तीन प्रकारचा आहे. हा निर्णय संगणक घेत नाही, बाह्यरेषाही घेत नाही. चित्रकाराने तो निरीक्षणातून घ्यावा लागतो, आणि तो संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावरच घेतलेला बरा.

यासाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे छेद. बदकाच्या बाजूच्या चित्रावर चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत दहा-बारा ठिकाणी आडव्या रेघा माराव्यात आणि प्रत्येक रेघेवर बदक कापले तर तोंडाशी कोणता आकार दिसेल तो शेजारी काढायला सांगावा. भेंडी किंवा केळे कापून दाखवले की विद्यार्थ्याला छेदाची कल्पना लगेच येते. ज्याला मानेचा छेद गोल आणि चोचीचा छेद आडवा लंबगोल काढता आला, त्याची पायाजाळी निम्मी झाली असे समजायला हरकत नाही.

दोन दृश्यांचा मेळ

छेदांबरोबर समोरचे दृश्यही लागते. समोरचे आणि बाजूचे चित्र एकाच पट्टीवर बसले पाहिजे. डोके, डोळा, चोच, छातीचा फुगवटा, पोट, पाऊल यांच्या उंच्या दोन्ही चित्रांतून जाणाऱ्या आडव्या रेघांवर तंतोतंत जुळाव्यात. हे शिस्तीचे काम आहे, आणि उत्तम हात असलेले विद्यार्थी नेमके येथेच कंटाळा करतात. बाजूच्या चित्रात डोळा दोन मिलिमीटर वर आणि समोरच्या चित्रात दोन मिलिमीटर खाली असेल, तर संगणकावर एका दृश्यात बिंदू बरोबर बसवताच तो दुसऱ्या दृश्यात बिघडतो. विद्यार्थी एक दृश्य दुरुस्त करतो, दुसरे मोडते, आणि तो दोष मात्र सॉफ्टवेअरला देतो.

मानवी आकृतीसाठी आपल्याकडे तालमानाची पद्धत पूर्वीपासून आहे. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, एका तालाची बारा अंगुले, आणि नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुले. मूर्तिकारांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हे निदान ऐकून माहीत असते. दोन्ही दृश्यांवर तालाच्या रेघा मारल्या की मेळ आपोआप बसतो. येथे जुन्या विद्येचा संगणकाच्या वर्गात सरळ उपयोग होतो.

चित्र पर्स्पेक्टिव्हमध्ये काढलेले नसावे, हेही पाहावे लागते. मोबाइलने जवळून घेतलेल्या छायाचित्रावरून गिरवलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान लहान येतात. असे चित्र लंबप्रक्षेपी दृश्यात मागे लावले तर कधीच जुळत नाही. छायाचित्र घ्यायचेच असेल तर दूर उभे राहून झूमने घ्यावे.

आयटीआय किंवा ड्राफ्टिंगच्या अभ्यासक्रमातून आलेल्या विद्यार्थ्याची एक वेगळी फसगत होते. आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण शिकवले जाते. त्यात वस्तूच्या डाव्या बाजूने पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढतात. ‘उजवीकडचे चित्र म्हणजे उजवी बाजू’ असे समजून तो ते संगणकात बसवतो आणि बदकाची चोच शेपटीच्या दिशेला जाते. ब्लेंडरपुरता नियम सोपा आहे. अंकपट्टीवरील १ दाबल्यावर आकृती आपल्याकडे तोंड करून असेल, तर ३ दाबल्यावर दिसणाऱ्या दृश्यात तिचे तोंड पडद्याच्या डावीकडे हवे. बाजूचे चित्र उजवीकडे पाहणारे असेल तर ते कंट्रोलसह ३ दाबून येणाऱ्या दृश्यात लावावे, किंवा आडवे उलटवावे.

जाळी विणताना

आता छेदांवरून जाळी विणायची. प्रत्येक छेदाच्या जागी आठ बिंदूंचे एक कडे ठेवावे. बारा कडी झाली की ९६ बिंदू होतात, आणि शेजारच्या कड्यांना जोडल्यावर ८८ चौकोन. पूर्ण बदकाला, पाय सोडून, एवढे पुरते. आकृती दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने अर्धीच बनवून मिरर वापरावा. मात्र मधल्या शिवणीवर आतल्या बाजूस पडद्यासारखे चौकोन राहून जातात, ते शोधून काढून टाकावेत. बाहेरून ते दिसत नाहीत, पण पुढे विभाजन केल्यावर पाठीच्या मध्यातून एक खाच पडते आणि ती कोणत्याही ब्रशने जात नाही.

चौकोन शक्यतो चौरसाच्या जवळचे आणि सगळीकडे सारख्या आकाराचे असावेत. लांबट चौकोनात ब्रशचा ठसा ताणला जातो, आणि त्रिकोणांच्या टोकाशी पृष्ठभाग चिमटल्यासारखा होतो.

बिंदू इतके कमी ठेवण्याचे कारण हिशेबाचे आहे. एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विभाजन पद्धतीत प्रत्येक पायरीला एका चौकोनाचे चार होतात. ८८ चौकोनांचे पाच पायऱ्यांनंतर ९०,११२ होतात. साधा संगणक ते सहज पेलतो. उत्साहाच्या भरात पायाजाळीतच ५,००० चौकोन भरले, तर त्याच पाच पायऱ्यांनंतर आकडा ५१ लाख २० हजारांवर जातो आणि प्रयोगशाळेतील संगणक अडखळू लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ८८ चौकोनांच्या जाळीत मान थोडी लांब करायची झाल्यास दोन कडी सरकवली की पुरते. पाच हजारांच्या जाळीत तीच दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होते.

याच विभाजनाचा एक परिणाम वर्गात क्वचितच सांगितला जातो. विभाजन केले की आकृती आत ओढली जाते. पायाजाळी रेखाटनाच्या बाह्यरेषेवर अगदी बरोबर बसवली, तर विभाजनानंतर बदक रेखाटनापेक्षा बारीक दिसते. किती बारीक, ते कड्यातील बिंदूंवर अवलंबून असते. सरळ नळीसारख्या भागात आठ बिंदूंचे कडे मूळ त्रिज्येच्या सुमारे ९० टक्क्यांवर येऊन स्थिरावते, सहा बिंदूंचे सुमारे ८३ टक्क्यांवर, आणि चार बिंदूंचे सुमारे दोनतृतीयांशावर. म्हणून कडे ठेवताना ते रेषेच्या बाहेर ठेवावे : आठ बिंदूंचे १.१ पट, सहा बिंदूंचे १.२ पट, चार बिंदूंचे दीडपट. जी मुले ‘माझे चित्र बरोबर होते, पण मॉडेल हडकुळे झाले’ अशी तक्रार करतात, त्यांच्या तक्रारीत बहुधा हेच कारण असते. विभाजनाचे पूर्वदर्शन चालू ठेवून मागचे चित्र पाहत बिंदू सरकवले, तर पटींचा हिशेब न करताही काम भागते. पण कारण माहीत असलेले बरे.

सांगाड्यावरून पायाजाळी

गणपतीची सोंड, झाडाची फांदी, बोटे अशा वळणदार व फाटे फुटणाऱ्या आकृतींना कडी विणत बसणे त्रासाचे होते. लष्करातील मराठी घरांत गणेशोत्सव परंपरेने चालत आलेला असल्याने मूर्तीची रेखाटने करणारी मुले तेथे सापडणे कठीण नाही. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत सोयीची आहे. रेखाटनाच्या मध्यातून जाणारी एक रेघ काढायची, तिच्यावर सांधे मांडायचे आणि प्रत्येक सांध्याला जाडी द्यायची. बाकीची त्वचा प्रणाली चढवते. झेडब्रशमध्ये २००४ पासून झेडस्फिअर या नावाने ही सोय आहे. ब्लेंडरमध्ये २०१२ मध्ये आलेला स्किन मॉडिफायर हेच काम करतो.

येथेही मूळ प्रश्न सुटत नाही, हे विद्यार्थ्याला दाखवावे. समोरच्या चित्रात सोंड डावीकडे वळलेली दिसते. ती पोटापासून किती पुढे येते, ते चित्रात नाही. सर्व सांधे एकाच प्रतलात मांडले तर सोंड पोटात रुतते. बाजूचे दृश्य काढल्याशिवाय या पद्धतीलाही गत्यंतर नाही.

मकबऱ्याची जाळी

जाळीचे काम याच्या उलट क्रमाने करावे. येथे निरीक्षण थोडे आणि भूमिती जास्त. संपूर्ण जाळी गिरवू नये. ज्या तुकड्याची पुनरावृत्ती होते तो शोधावा, तेवढाच स्वच्छ काढावा आणि बाकीचे काम पुनरावृत्तीच्या आदेशावर सोडावे. षट्कोनावर आधारलेल्या नक्षीत पुनरावृत्तीचा आयत १ : १.७३२ या प्रमाणात बसतो, कारण ती संख्या तीनचे वर्गमूळ आहे. मोजपट्टीने मोजून १.७ धरले, तर दहा पुनरावृत्त्यांत चूक ०.३२ इतकी साठते आणि दहाव्या ओळीला पट्ट्या एकमेकींना भेटत नाहीत. जुन्या कारागिरांनी ही नक्षी कंपास आणि दोरीने आखली होती, अंकांनी नव्हे. विद्यार्थ्यानेही ती प्रथम कंपासने काढावी, म्हणजे हा दोष शिरतच नाही.

तुकडा स्कॅन करून त्याच्या रेषा इंकस्केपसारख्या प्रणालीत गिरवाव्यात, ब्लेंडरमध्ये आणाव्यात आणि जाडी द्यावी. एवढ्यावर जाळी दिसू लागते, पण ती अद्याप मूर्तिकामाला योग्य नसते. तिच्या दर्शनी भागावर अनेक बाजूंचे वेडेवाकडे बहुभुज असतात आणि त्यांच्यावर ब्रश चालत नाही. तेथे व्हॉक्सेल रिमेश वापरावे. ब्लेंडरमध्ये ते २०१९ पासून आहे. ही क्रिया आकृतीला बारीक घनांत मोजून तिच्यावर नवी, एकसारखी जाळी चढवते. जाळीची दगडी पट्टी १२ मिलिमीटर रुंद असेल, तर व्हॉक्सेलचे माप ३ मिलिमीटरपेक्षा मोठे ठेवू नये. मोठे ठेवल्यास नाजूक पट्ट्या गळून पडतात. माप निम्मे केले की चौकोन सुमारे चौपट होतात, म्हणून प्रथम एकाच तुकड्यावर करून पाहावे. त्यानंतर झिजलेल्या कडा, छिन्नीच्या खुणा, एखादा तुटलेला कोपरा एवढेच ब्रशसाठी शिल्लक राहते.

मोजमापासाठी विद्यार्थ्यांना तेथे नेताना ती कबरीची जागा आहे याचे भान त्यांना द्यावे. दगडाला काही टेकवू नये. जाळीपासून थोडे अंतर ठेवून, तिच्याच प्रतलात धरलेल्या फूटपट्टीसह समोरून छायाचित्र घेतले की मापे नंतर काढता येतात.

तयार मालाचा मोह

इतके कष्ट कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो रास्त आहे. तयार पायाजाळ्या फुकट मिळतात. अलीकडच्या काही वर्षांत एका चित्रावरून घन आकृती तयार करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही आल्या आहेत. तयार मानवी पायाजाळ्या बहुतेक एकाच ठरावीक बांध्याच्या, रुंद खांद्यांच्या आणि बारीक कमरेच्या असतात. त्यांवरून केलेले हमाल, आजी आणि पैलवान सगळे एकाच घरातले दिसतात. चित्रावरून घन आकृती देणारी प्रणाली न दिसणारी बाजू अंदाजाने भरते. तिने दिलेली जाळी पुष्कळदा दाट, त्रिकोणांची आणि दिशाहीन असते, ती पुन्हा विणावीच लागते. चाचपणीसाठी तिचा उपयोग जरूर करावा. पण बदकाची चोच पसरट आहे की नाही, हे तिला विचारू नये.

ग्वाल्हेरात वालुकाश्मावर कोरीव काम करणारे कारागीर आजही आहेत, आणि दगड कापणारी संगणकचालित यंत्रे अशा व्यवसायांत येत आहेत. यंत्राला कागदावरचा खाका समजत नाही, त्याला घन आकृतीची फाइल लागते. खाका काढणारा हात आणि ती फाइल यांच्यामध्ये जो माणूस बसेल, त्याला काम मिळेल. तो कारागिराच्याच घरातला असावा की बाहेरचा, हे पुष्कळ अंशी वर्गात काय शिकवले जाते यावर ठरणार आहे. फाइलमधील जाडी चुकली तर पडद्यावरची चूक पुसता येते, कापलेला दगड परत जोडता येत नाही.

म्हणून मूल्यमापनात एक बदल करून पाहण्यासारखा आहे. अंतिम रंगीत चित्राला सर्व गुण देण्याऐवजी निम्मे गुण त्याआधीच्या तीन कागदांना द्यावेत : आडव्या रेघांवर जुळवलेली दोन दृश्ये, छेदांचा तक्ता आणि पायाजाळीची कडांसह छापलेली प्रत. छेदांचा तक्ता तपासायला संगणक लागत नाही. प्रयोगशाळेत वीज नसेल त्या दिवशीही तो तपासता येतो.